उलटे चालणारे भालेरावकाका

पुंडलिकनगरजवळच्या आमच्या वॉकिंग ट्रॅकवर भालेरावकाका रोज सकाळी उलटे चालतात. पाठ पुढे, तोंड मागे, आणि तोंडाने घोषणा चालू: "कडुनिंब गेला. आता वळण. बाक आला."

आमचा ट्रॅक तो केवढा! अर्धा चालणाऱ्यांना, अर्धा सायकलींना, आणि नीट दम लागायच्या आत संपतो. लेणी बघायला जगभरातून लोक आमच्या शहरात येतात. हा ट्रॅक बघायला आम्हीच. एकदा वळणावर काका थेट माझ्या सायकलवर येऊन आदळले आणि आम्ही दोघंही कडेच्या गवतात.

"काका, सरळ चालायला काय होतं तुम्हाला?"

काका पँट झटकत उठले. "ट्रॅक सरकारी हाय, तोंड माझं हाय. कुठं बी करीन."

काका अजिंठ्याला गाईड होते. पर्यटकांकडे तोंड करून, उलटं चालत लेणी दाखवण्यात जन्म गेला. आजही दुधाचा भाव सांगायचा असला तरी आधी "इथं ध्यान द्या" म्हणतात. मला वाटलं, जुनी खोड, दुसरं काय.

"आता कुठं राहिले पर्यटक?" मी म्हणालो.

"एक हाय. घराबाहेर पडंना." काका एकदम हळू बोलू लागले. "आमच्या मालकिणीला ऐकू येत नाय आता. मशीन लावलं की डोकं धरती. ओठ बघून समजतं, पण चार माणसांत यायला लाजती. म्हणलं, आधी ट्रॅक पाठ करतो, मग तिला आणतो."

मी सायकल उचलून उभी केली. तोवर काका "बाक आला" म्हणत निघालेही.

गेल्या रविवारी काकू आल्या. हिरवी साडी, पायात नवे पांढरे बूट. काका त्यांच्यापुढे उलटे, हात नाचवत: "इथं ध्यान द्या. हे सायकलवाले. ह्यांनीच मला पाडलं." काकू खो खो हसल्या. मला इतकं बरं वाटलं की मी सायकलवरून उतरलो आणि काकांच्या पाठीशी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, घंटी वाजवत वाट मोकळी करत चालू लागलो.

वळणावर काकू थांबल्या आणि मला मोठ्यानं म्हणाल्या, "उभा जन्म पाव्हण्यांकडं तोंड करून चालले. मला नुसती पाठ दाखवली. आता कुठं तोंड दिसतंय."

भालेरावकाका चक्क लाजले. मग काकूंकडे बघत, ओठ नीट हलवत म्हणाले, "बाक आला. बसायचं का?"