दिगंबरकाकांचा आठ

आमच्या गल्लीतले दिगंबरकाका पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी हात दाखवतात. किराणा दुकानाकडं जायचं असलं की उजवा हात आडवा बाहेर, मान मागं, एक नजर, मग वळण. एकदा तो हात दूधवाल्याच्या छातीवर बसला. काका शांतपणे म्हणाले, "मागच्याला सांगावं लागतंय, बाबा. आपण कुठं वळणार ते त्याला कसं कळावं?" दूधवाला समोरून येत होता, ही गोष्ट वेगळी.

हे खूळ रिटायर झाल्यावरचं. काकांनी सारी नोकरी देगलूरला एका कचेरीत कारकुनी करून काढली. सुमनकाकू लेकरांच्या शाळेपायी इथं लातूरला. बासष्टाव्या वर्षी काकांनी स्कूटी घेतली. काकूंचं माहेर औसा, इथून पाऊण तासावर. काकांना एकच ध्यास, बायकोला मागं बसवून औशाला न्यायचं. काकूंनी ठणकावलं, "आधी लायसन आणा. या वयात हातपाय मोडून घ्यायची हौस न्हाई मला."

झालं! काकांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि पोथीसारखं रोज वाचायला घेतलं. लर्निंगला पैकीच्या पैकी मार्क. गाडी पुसतानाही डोक्यावर हेल्मेट. मी बिनहेल्मेटचा शाळेला निघालो की हे फाटकात हजर. "सर, डोस्कं घरी ठिवून निघालाव का?" असा राग यायचा मला! मी मास्तर, आणि मलाच शिकवणी!

पण पक्क्या लायसनची ट्रायल आली आणि घोडं अडलं. मैदानावर चुन्यानं इंग्रजी आठ आखलेला. पाय न टेकवता त्यावरून गाडी काढायची. काकांनी पहिल्याच वळणाला हात दाखवला. एका हातानं आठ निघतो होय? गाडी डुलली, पाय टेकला, नापास. महिन्याभरानं परत तेच. साहेब म्हणाले, "काका, इथं हात सोडायचा नाही." काका म्हणाले, "वळण हाय न्हवं? मग?"

तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो, आणि तिथंच मी माती खाल्ली. ट्रायल घ्यायला नवा साहेब आला होता, तो निघाला माझाच दहावीचा विद्यार्थी. वाकून पाया पडला. आता आपल्याकडं ओळख निघाली आणि वापरली नाही, तर माणूस येडा ठरतो. मी हळूच म्हणालो, "आपलेच आहेत. बघून घे जरा." काकांनी या वेळी हात नाही सोडला, पण पाय दोनदा टेकला. साहेबानं आभाळाकडं पाहिलं आणि पास करून टाकलं. दरसाल परीक्षेत पोरांच्या खिशातून कॉप्या काढणारा मी, मिशीत हसत घरी आलो.

लायसन पोस्टानं आलं. पोस्टमनकडून पाकीट मीच घेऊन काकांच्या हातात दिलं आणि पेढ्यांची वाट पाहत बसलो. पेढे आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी बघतो तर काकू पिशवी घेऊन ऑटोत बसलेल्या.

"काकू, ऑटो कशाला? गाडी आहे की."

"लायसन कुठं आलंय अजून? हे म्हणतात पोस्टात अडकलंय. जाते यष्टीनंच औशाला."

मी चाटच पडलो. तडक काकांना शोधत निघालो. शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटवर काका रांगोळीच्या आठावरून गाडी फिरवत होते.

"काय करायलाव, काका? लायसन आलंय की तुमचं!"

काकांनी गाडी थांबवली. "सर, पाय दोनदा टेकला माझा. साहेबाला दिसला, तुमाला दिसला, मला तर कळलाच. ते लायसन तुमच्या वळखीचं हाय. तिला कसं दाखवू? ती त्याच्याच भरवशावर बसंल की मागं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो, काका," एवढंच कसंबसं म्हणालो. ते चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"तुमी माझ्यासाठीच केलं," ते हेल्मेटचा पट्टा चाचपत म्हणाले. "पण असं बघा, लग्नाच्या वरातीत ती बसली माझ्या शेजारी, तेवढीच. त्यानंतर भाऊबीजंला, भावाच्या लग्नाला, बाप गेला तवाबी, एकटीच गेली यष्टीनं. मला रजाच मिळंना. आता नेतो म्हणलोय, तर नीट नेऊ द्या की."

मी घराकडं जायला वळलो.

"बसा मागं," काका म्हणाले.

"मी?"

"हाव. दोघांच्या वजनानं निघतोय का बघू. पडायचं तर तुमीच पडा."

मी मुकाट बसलो. पहिलं वळण सुरेख निघालं. दुसऱ्या वळणाला गाडी कलली, काकांचा डावा पाय जमिनीला निसटता लागला आणि तेवढ्यात गाडी सावरलीसुद्धा. आठ पुरा झाला. काका थांबले. मागं न बघता त्यांनी विचारलं, "टेकला का हो, सर?"

'नाही' अगदी ओठावर आलं होतं माझ्या.

"टेकला," मी म्हणालो.

"मलाबी तसंच वाटलं," असं म्हणून काकांनी गाडी परत सुरुवातीच्या रेघेवर नेली.