कपाटातून या!

घर सजवायला डिझायनर लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मरोळला माझ्याकडे यावं. सगळा प्लॅन मी उभ्या उभ्या ऐकवीन! बसून ऐकवणं मला जमत नाही. त्यातून फेब्रुवारी सरत आला, आरेच्या रस्त्याला काटेसावर फुलली, की माझ्या अंगात काय संचारतं कोण जाणे! हात नुसते शिवशिवतात. मागच्या वर्षी याच दिवसांत मी फ्रिजला निळा रंग दिला. त्याच्या आदल्या वर्षी चपलांच्या स्टँडवर मेथी उगवली. प्रीतम, म्हणजे माझा नवरा, या दिवसांत स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागतो. कुठेही बसायच्या आधी विचारतो, “हे ओलं नाही ना?”

यंदा माझ्या डोक्यात रेट्रो शिरलं होतं. फोन उघडावा तर जुनी काचेची कपाटं आणि त्यांच्यात हिरवीगार झाडं! ठरलं! बाल्कनीत सागवानी कपाट ठेवायचं, आत नेचे, मनीप्लांट आणि पुदिना. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात तसं एक सापडलंसुद्धा. काचेची दोन दारं आणि डोक्यावर कोरीव लाकडी मुकुट. इतकं देखणं, की त्याच्यापुढे उभं राहून मी नकळत केस सारखे केले.

“माप घेतलंस?” प्रीतमनं विचारलं.

“मी नजरेनं मापते!”

“नजरेनंच पडदे शिवले होतेस ना? गुडघ्यापर्यंत आले होते.”

“ती फॅशन होती!”

आमची बिल्डिंग चार मजली. आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट नाही. रविवारी सकाळी दोन हमाल कपाट घेऊन आले. दोन मजले ते झकास चढलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो. तिथे हमालांनी ते उभं केलं, फिरवलं, वरच्या पायऱ्यांच्या तोंडाशी ढकललं आणि ‘खट्’ असा आवाज झाला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि मुकुट वरच्या स्लॅबखाली. बाटलीला बूच बसावं तसं कपाट बसलं. वर जाईना, खाली येईना!

मी खालच्या बाजूला, प्रीतम वरच्या बाजूला.

“मॅडम, ये तो फस गया,” एक हमाल म्हणाला.

“ते दिसतंय मला! काढा ना!”

“चाय पीके आते हैं.”

ते गेले. बहुतेक अजून चहाच पितायत.

कपाटापलीकडून प्रीतमचा आवाज आला, “सुलू, नजरेनं किती मापलं होतंस?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात खालून मनाली आली. चौथ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकूंची मुलगी. पार्लरमधून थेट येत होती. केस बांधलेले, गजरा माळलेला, अंगावर मोतिया रंगाची साडी. तेव्हा कुठे मला आठवलं. आज तिच्याकडे पाहुणे येणार होते! मुलगा तिचाच मित्र, चैतन्य, मालाडचा. पोरांचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. ती बाई आज पहिल्यांदाच घरी यायला तयार झाली होती.

मनालीनं कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, ते लोक मरोळ नाक्यावर आलेत.”

“हात्तिच्या! अजून दहा मिनिटं तरी...”

“नाक्यावरून इथे यायला किती लागतात?”

वरून प्रेमाकाकू ओरडल्या, “मनाली! पोहे झालेत! कुठे राहिलीस गं?”

“आई, जिन्यात कपाट आहे!”

“कोण आहे?”

“कपाट! कपाट!”

काकूंना काय ऐकू आलं देव जाणे. त्या म्हणाल्या, “त्यांनाही वर बोलव, पोहे भरपूर आहेत!”

आता गप्प बसून चालणार नव्हतं. तसंही मला ते येत नाही. मी ओरडले, “प्रीतम! हातोडी आण! मागची फळी काढ!”

“कशाची?”

“कपाटाची! आरपार करू!”

पलीकडे प्रीतम घरातून हत्यारांची पेटी घेऊन आल्याचा खडखडाट झाला. मग धाडधाड सुरू झालं. मी इकडून दारं उघडून आतले कप्पे उपसले. मागची फळी निघाली आणि कपाटाच्या पोटातून मला माझा नवरा दिसला. हाफ पँट, हातात हातोडी आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोत होता तोच भाव!

“जा मनाली! डोकं सांभाळ!”

मनाली साडी सावरत पुढून आत शिरली आणि मागून पायरीवर उतरली. जमलं! मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात खालच्या अंगाला कण्हणं ऐकू आलं. आमचे शेजारी धाकूआजोबा पेपर घेऊन परतले होते. ते कपाटापुढे थांबले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“गो बाय माझे, आता घराक जावक माका कपाटात शिराक लागतला?”

“आजच्या दिवस, आजोबा!”

आजोबा आत शिरले. पलीकडे गेल्यावर मागे वळून माझ्या तोंडावर त्यांनी दारं ओढून लावून घेतली. शिस्तीचा माणूस!

आणि नेमके त्याच क्षणी पाहुणे आले.

पुढे चैतन्य, मागे त्याची आई माणिकताई. जरीची साडी, हातात मिठाईचा बॉक्स, कपाळावर आठ्या. त्या दोन मजले चढून चांगल्याच दमल्या होत्या. कपाटाच्या दारांपुढे त्या थांबल्या, चकचकीत काचेत स्वतःलाच बघितलं, मान वर करून कोरीव मुकुट बघितला, आणि आठ्या चक्क विरघळल्या.

“जय भीम,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही मुलीच्या आई?”

“जय भीम! नाही, मी शेजारीण. सुलक्षणा.”

“घराचं दार काय सुरेख आहे हो! हल्ली असं काम कुठे बघायला मिळतं?”

असं म्हणून त्यांनी बाजूला चपला काढल्या!

खरं सांगायची ती वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण माझ्या कपाटाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चांगलं म्हटलं होतं हो! माझ्या तोंडून निघालं, “या ना, आत या!”

माणिकताईंनी पदर सावरला, दार उघडलं, उजवं पाऊल आत टाकलं आणि थबकल्या. समोर पायऱ्या. पायरीवर हातोडी घेतलेला अर्ध्या चड्डीतला माणूस.

“या,” प्रीतम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“हॉल कुठंय?”

“वर आहे. चौथ्या मजल्यावर.”

“मग मी कुठे आहे?”

“तुम्ही कपाटात आहात.”

माणिकताई गर्रकन वळल्या आणि त्यांचा पदर मागच्या चौकटीतल्या खिळ्यात अडकला. तो खिळा प्रीतमनं अर्धवटच उपटला होता. पुढे येता येईना, मागे जाता येईना. त्या धडपडीत धक्का लागून एक दार मिटलं, आणि काचेआड त्या अशा दिसू लागल्या, जशी शोकेसमध्ये ठेवलेली बाहुली! फक्त बाहुल्या एवढ्या रागात नसतात.

“चैतन्य! घरी चल!”

“आई, आधी बाहेर तर ये!”

“कशी येऊ?”

चैतन्य माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागले. पोरांची दोन वर्षं माझ्या पुदिन्यापायी मातीत जाणार होती! मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण कधीकधी नुसतं बसून राहावं.

तेवढ्यात वरून मनाली धावत आली. पदर खोचलेला, हातात प्रीतमची पक्कड. ती पायरीवर गुडघे टेकून चौकटीत वाकली.

“काकू, हलू नका. पदराची जर ओढली जाईल.”

माणिकताई हलल्या नाहीत. जरीचा प्रश्न होता. पण गप्पही बसल्या नाहीत.

“तुला स्वयंपाक येतो का?”

“आई!” चैतन्य काचेवर थापा मारत म्हणाला. “आत्ता?”

“अडकलेच आहे तर वेळ कशाला घालवू? येतो का गं?”

“बेताचाच येतो,” मनाली खिळा पिळत म्हणाली. “भाकरी तर जमतच नाही. पण नळ गळत असला तर मी बघते. फ्यूजही बदलते.”

“आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून मोरीचा नळ गळतोय.” माणिकताईंचा आवाज एकदम खाली आला. “याला सांगून सांगून दमले मी.”

“वॉशर गेला असेल. येईन मी.”

खिळा निघाला! पदर सुटला! त्या आनंदात माणिकताईंनी वरची फळी धरून जोरात रेटा दिला. कडाड्! मुकुट मोडला आणि कपाट सैल झालं. मनालीनं त्यांना हात धरून पायरीवर ओढलं, आणि कपाट सरसर इकडे सरकलं. मी आणि चैतन्यनं ते मिठी मारून थोपवलं. जिना मोकळा!

वर पोहे झाले, चहा झाला. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. प्रेमाकाकूंनी माझ्याकडे न बघता बशी दिली. शेवटी माणिकताईंनी कप खाली ठेवला.

“मुलगी पसंत आहे,” त्या म्हणाल्या. मनालीनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. “पण माझी एक अट आहे.”

प्रेमाकाकूंचा हात हवेतच राहिला. “मानपानाचं म्हणत असाल तर...”

“छे हो! मानपान काही नको. फक्त लग्नात या शेजारीणबाईंना काही सजवायला देऊ नका.”

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो प्रीतम. मीही अट मान्य केली, सगळ्यांसमोर, हात जोडून.

आता लग्न आहे एप्रिलमध्ये, आमच्याच गच्चीवर. मी कशालाही हात लावणार नाही, शब्द म्हणजे शब्द! पण मला एक सांगा, पाण्याच्या टाकीला नुसता गुलाबी रंग देणं, हे काही सजवण्यात धरत नाहीत ना?