पासिर तालाचा शेवटचा आमुक

कोणत्याही समाजाची थोरवी त्याने जगाला काय दिलं यावरून ठरते. कुणी शून्य दिलं, कुणी कागद दिला. आम्ही मलय लोकांनी इंग्रजांना 'आमुक' दिला.

आमुक म्हणजे काय? उभ्या आयुष्यात कुणालाही 'नाही' न म्हटलेला एक सभ्य माणूस मनातल्या मनात कुढत बसतो आणि एके दिवशी कोयता घेऊन दिसेल त्याच्या अंगावर धावून जातो. जुन्या काळी लढाईत असं धावून जाणं शौर्यात जमा होई. (काही पंडितांच्या मते हा शब्द मूळचा मलबारचा. त्या पंडितांना आम्ही उद्घाटनाचं आमंत्रण दिलं नाही.) इंग्रज आले, त्यांनी कथील नेलं, रबर नेलं आणि जाता जाता हा शब्दही 'रन अमॉक' म्हणून खिशात टाकला. बरं, नेलात तर नीट वापरा! आता त्यांच्याकडे वाढदिवसाला चार पोरांनी केक उडवला की आमुक, कुत्रं शेजाऱ्याच्या बागेत शिरलं की आमुक, बाजारात भाव चढले तरी आमुक. अहो, भाव काय कोयता घेऊन फिरतात?

हा अपमान धुऊन काढण्यासाठी पेराक नदीकाठच्या आमच्या गावात 'पासिर ताला आमुक वारसा संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष हाजी मुस्तकीम. त्यांचा मांडव-खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा आहे, त्यामुळे संस्कृतीविषयी त्यांना लहानपणापासून कळकळ. सचिव मी, निवृत्त शिक्षक. गाव मला चेगू म्हणतं, म्हणजे गुरुजी.

वारसा म्हटला की नमुना हवा. खऱ्या आमुकांपैकी बहुतेक जण त्याच दिवशी मारले जात, ही त्या परंपरेतली एक उणीव. बराच शोध घेतल्यावर एकच जिवंत नमुना हाती लागला: देरामान, सगळ्यांचे 'पाक लोंग', म्हणजे थोरले काका. तरुणपणी बायको वारली त्या आठवड्यात ते एकदा परसात ओरडत गेले होते आणि त्यांनी कोयत्याने केळ तोडली होती. मृत: कोणी नाही. जखमी: एक घड. केळ त्यांचीच होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथेच नवी लावली. पण इतिहासाला एवढ्या बारीकसारीक गोष्टी चालत नाहीत. पाक लोंगांच्या फाटकासमोर आम्ही त्यांच्या फोटोसकट भला मोठा फलक उभा केला: 'जगप्रसिद्ध आमुकाचं घर. शेवटचा जिवंत वारसदार.'

पाक लोंग समितीकडे आले. चप्पल बाहेर काढून, हात पुढे बांधून उभे राहिले.

"चेगू, फलक छान झालाय हो. फक्त शनिवारपुरता झाकला तर? आमच्या सालबियाला मागणी घालायला तायपिंगहून मंडळी येताहेत."

सालबिया त्यांची एकुलती एक मुलगी, चौतिशीची, शाळेत स्वयंपाक करते. मुलगा पोस्टातला, आणि तिने स्वतः पसंत केलेला. आधीची दोन स्थळं परत गेली होती. हे जुळलं नाही तर पुढे कुणी विचारणार नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"अहो पाक लोंग, तुमचा शब्द आम्ही खाली पडू देऊ का?" हाजी उठून उभे राहिले. "समितीपुढे ठेवतो. बघू, इन्शाल्ला!"

आमच्याकडे 'बघू, इन्शाल्ला' याचा अर्थ 'मुळीच नाही' असा होतो. हे पाक लोंगांनाही कळतं. ते स्वतः जन्मभर तसंच बोलत आले. "काही हरकत नाही," म्हणाले आणि गप्प बसून घरी गेले.

त्या गप्प बसण्याने समितीत आनंदाची लाट पसरली. कारण गोऱ्या डॉक्टरांनी इंग्रजी अमदानीतच लिहून ठेवलंय की आमुक होण्याआधी माणूस गप्प बसतो. म्हणजे पहिली पायरी सुरू! फलकाचं उद्घाटन लगेच शनिवारीच ठरवलं. (जिल्हाधिकारी त्याच दिवशी मोकळे होते. सालबियाचे पाहुणेही त्याच दिवशी यायचे, हा निव्वळ योगायोग. समितीने त्याचं स्वागत केलं.)

शनिवारी हाजींच्या सगळ्या खुर्च्या फाटकासमोर मांडल्या होत्या. पहिल्या रांगेला निळ्या झालरी. फलकाला झेंडूच्या माळा. ध्वनिक्षेपकावर मी आमुकाची व्युत्पत्ती वाचत होतो, तेवढ्यात तायपिंगची गाडी आली. मागणीची, विड्याच्या पानांनी सजवलेली झाकलेली ताटं घेऊन बायका उतरल्या आणि फलकासमोरच थांबल्या. मुलाच्या आईने तो सावकाश वाचला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हे... मुलीचे वडील?"

"हेच!" मी अभिमानाने म्हणालो. आजही सांगतो, माझा आवाज तेव्हा फार छान लागला होता.

मंडळी आत गेली. सालबिया नव्या कपड्यांत चहा घेऊन आली. मुलाच्या आईने चहाचं कौतुक केलं, करीपापचं, म्हणजे आमच्या तिखट करंज्यांचं, कौतुक केलं, परसातल्या केळींचंसुद्धा कौतुक केलं. आमच्यात कुणी इतकं कौतुक करायला लागलं की समजून जावं. "फार छान माणसं आहात हो," त्या उठत म्हणाल्या. "आम्ही कळवतोच, इन्शाल्ला." ताटं न उघडता गाडीत परत गेली. मुलगा शेवटी चढला, त्याने एकदा मागे वळून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

सालबिया ओट्यावर उभी राहिली आणि आम्हा सगळ्यांसमोर रडली. "अबाह," बापाला म्हणाली, "एकदा ओरडा ना यांच्यावर! एकदा तरी!"

"कशाला, पोरी? त्याचसाठी तर बसलेत सगळे."

मग ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कोयता होता.

काय सांगू! खुर्च्या करकरल्या. शंभरेक फोन वर गेले. जिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. हाजी माझा दंड धरून कानात कुजबुजले, "चेगू, झालं हो! संस्कृती वाचली!"

पाक लोंग केळीपाशी गेले. एक मोठं पान कापलं, आणखी एक कापलं. पाहुण्यांसाठी केलेला चिकट भात आणि रेंदांग, म्हणजे नारळातलं मसालेदार मटण, ओट्यावर तसंच पडलं होतं. त्याच्या पुड्या बांधून रांगेरांगेने हातात देत फिरले. "घरी न्या. वाया जाईल उगाच." मला दिली तेव्हा पुडी अजून कोमट होती.

लोक फार हिरमुसले. जिल्हाधिकारी म्हणाले, कार्यक्रमात तेवढी धार नव्हती. समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली असून, पाक लोंग तेव्हापासून एक अक्षरही बोललेले नाहीत, ही बाब अत्यंत आशादायक मानली आहे. सालबिया बोलते, पण आमच्याशी नाही.

खुर्च्या आम्ही अजून हलवलेल्या नाहीत. पहिल्या रांगेतली एक तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. नको म्हणू नका. ते कोयता घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही कसे सरसावून बसलात, ते मी बघितलंय.