अजून एक फोटो

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोमणकाका पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा कपाला हात लावायच्या आधी त्यांनी माझ्या कुकरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे झाकण या कुकरचं नाही."

मी म्हटलं, "काका, चहा घ्या ना."

"मूळचं की बदललेलं?"

"बदललेलं. जुनं वाकलं, म्हणून सूकमधल्या भांडीवाल्याकडून दुसरं आणलं."

"तरीच!" असं म्हणून, खून उघडकीला आणल्याच्या समाधानात त्यांनी बिस्कीट बुडवलं. बाई गं, म्हटलं, या माणसाशी शेजार करायचा तरी कसा?

सोमणकाका इथे बहारीनच्या राजधानीत, मनामात, एका विमा कंपनीत जहाजावरून आलेला माल तपासतात. पण ती झाली नोकरी. जीव अडकलाय तो जर्मन सैन्याच्या जुन्या पिस्तुलांत. कुठकुठले हौशी संग्राहक त्यांना फोटो पाठवतात आणि विचारतात, हे कुठल्या सालातलं, कुठल्या कारखान्यातलं, अस्सल आहे की कुणी जोडजाड करून माझ्या गळ्यात मारलंय? काका फी घेत नाहीत. "ज्ञान विकू नये," म्हणतात. खरंच आहे, मला ते नको असतानाही फुकट मिळतं. त्यामुळे मला आता ठाऊक आहे की या पिस्तुलांच्या बारीकसारीक भागांवरसुद्धा मुख्य नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळीकडे तेच आकडे, तर पिस्तूल मूळचं. एखादी खिट्टी जरी वेगळी निघाली, की काका दोन्ही हात झटकतात, "मफी! जुळत नाही." इतकी वर्षं बहारीनमध्ये काढून अरबीतला 'नाही' एवढा एकच शब्द त्यांनी मनापासून घेतलाय.

स्वतः कधी पिस्तूल हातात धरलंय का, असं मी एकदा विचारलं.

"छे हो! दिवाळीतलं, टिकल्यांचं. तेही थोरल्या भावाचं."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी अध्यक्षांच्या दातांकडे निरखून पाहत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मूळचे की बदललेले?" तेव्हापासून अध्यक्ष त्यांच्यासमोर हसत नाहीत.

हेही मी सोसलं असतं. पण त्यांची खरी डोकं फिरवणारी खोड म्हणजे हा माणूस निकालच देत नाही. समोरच्याने चार फोटो पाठवले की हे पाचवा मागणार. डाव्या बाजूचा. मग खालून. मग खिडकीच्या उजेडात. माझा नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अहो, सांगून टाका ना त्या बिचाऱ्याला!" काका शांतपणे म्हणाले, "घाई नको. अजून एक फोटो." मला तर पक्कं वाटायला लागलं होतं की यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, नुसताच आव आहे.

आणि यंदा थंडीत आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचे. सामानात कंदी पेढे, लसणीची चटणी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक काळं चामडी पाकीट. पिस्तुलाचं. पिस्तूल नाही, नुसतं पाकीट. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले होते आणि हे तिथे जर्मनांकडून मिळालं, असं ते सांगायचे. आजीने त्यात जन्मभर कात्री आणि सुतळी ठेवली. गाव मात्र हसायचं. म्हणे, कसला जर्मन, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं असणार! त्यापायी आप्पांनी लहानपणी पारावर मारामाऱ्या केल्या होत्या.

"डोळे मिटायच्या आधी येकदा कळू दे शालू," आप्पा म्हणाले, "म्हातारा खरं बोलत हुता का न्हाई."

मीच त्यांना हाताला धरून वर घेऊन गेले.

काकांनी भिंग घेतलं, पाकीट उलटं केलं, पाठीवरचा ठसा पाहिला. "हं," म्हणाले. आम्ही दोघं पुढे वाकलो. काका म्हणाले, "उद्या या. दिवसाच्या उजेडात बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले, तर शिवण बघायची राहिली. शुक्रवारच्या सुट्टीत गच्चीवर उन्हात दोघं बसले, तर बक्कल राहिलं. आप्पा रोज संध्याकाळी वर जायचे आणि मी दारातच विचारायची, "काय म्हणाले?"

"आज शिरा केला हुता त्यांनी."

"अहो, पाकिटाचं काय?"

"बघत्यात. मानूस बारकाईचा हाय."

इकडे आप्पांचं विमान तोंडावर आलं. माझं डोकं सटकलं. आप्पा खाली बातम्या बघत होते, तेवढ्यात मी तरातरा वर गेले. काका पोळ्या लाटत होते. एकटेच राहतात, तरी टेबलावर दोन ताटं मांडलेली.

"काका, आप्पा उद्या जाणार. थकलेला माणूस आहे, आशेवर जिना चढतोय. कळत नसेल तर तसं सांगा की सरळ!"

काकांनी गॅस बारीक केला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"अस्सल आहे. ठसा बघताक्षणी कळलं."

"मग इतके दिवस माझ्या बापाला टांगून का ठेवलंत?"

त्यांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. "फोटो मागतो, तोवर लोक लिहितात, ताई. पिस्तुलाबरोबर घरचंही सांगतात. बायकोचे गुडघे, नातवाची शाळा. निकाल दिला की थँक यू येतं. मग कुणी लिहीत नाही. खलास."

राग गेला नव्हता माझा, अजिबात नाही. पण त्या दोन ताटांकडे मला बघवेना. एवढंच म्हटलं, "आज सांगा," आणि करपणारी पोळी मीच उलटली.

तेवढ्यात आप्पा पाकीट घेऊन दारात आले. काकांनी हात पुसले.

"आप्पासाहेब, सगळं मूळचं. ठसा जर्मन सैन्याचा, साल लढाईचंच. वडिलांना ते कसं मिळालं, हे चामडं सांगत नाही. पण हे बाजारू नाही."

आप्पांनी पाकिटावरून हात फिरवला. मग टोपी काढून तिनेच डोळे पुसले. "खरं बोलत हुता म्हातारा," म्हणाले.

"झालं मग काम," काका हळूच म्हणाले.

"काम झालं, जेवन कुठं झालंय? वाढा," असं म्हणून आप्पा ताटावर बसले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाताना गाडीत आप्पा म्हणाले, "म्हाताऱ्याची पान्याची बाटली बी हाय घरी. ती बी तिकडचीच."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! घरी पोचलात की सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि काकांना एकदम पाठवून द्या."

"एकदम कशापायी?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आधी नुस्तं बूच धाडतो."