सासूबाईंचे टोमणे गेले कुठे?

प्रयोगशाळेत बावीस वर्षे तराजू सांभाळून मी गुन्हेगारीकडे वळलो. म्हणजे तिच्या शोधाकडे. पुराव्याशिवाय मी स्वतःच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नाही. माझे निष्कर्ष दशांशचिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत अचूक असतात. चुकतात ते दशांशचिन्हाच्या आधी.

मंगळवारी दुपारी समोरच्या इमारतीतील सूनबाई आल्या.

"चोरी झालीय. सासूबाईंचे टोमणे गेलेत. अकरा दिवस झाले. काल मुद्दाम सूप करपवलं, तर मुकाट्यानं प्यायल्या."

"अभिनंदन."

"अभिनंदन कसलं? धड जेवत नाहीत, रक्तदाबाची गोळी विसरतात, डोळे लाल झालेत. हाक मारली की नुसतं 'हं'. मला माझी सासू परत हवीय."

अशी मागणी माझ्या कारकिर्दीत पहिलीच.

मी तत्काळ टोमण्यांच्या अक्षय्यतेचा नियम मांडला: टोमणा नष्ट होत नाही, एकीकडे घटला, तर दुसरीकडे तेवढाच वाढतो. त्यानुसार शेजारी तपासले. कोणालाही जादा टोमणे मिळाले नव्हते. सूनबाईंच्या नणंदेला फोन केला. तिचाही पुरवठा बंद होता. सबब, ही बाई सासू नसून तोतया होती. तिचे नाक लग्नाच्या फोटोतील नाकाशी ताडून पाहण्यासाठी मी पट्टी घेऊन त्यांच्या खोलीत शिरलो. त्या डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्या होत्या. आतून आवाज आला:

"अगं, आच कमी कर. सगळं घर पेटवशील."

"जाळपोळीचा कट," मी सूनबाईंना हळूच सांगितले आणि अग्निशमन दलाचा नंबर शोधू लागलो.

"साहेब, पाय उचला," केर काढणाऱ्या मावशी म्हणाल्या. मी उचलले. "कट कसला? आजी खेळतायत." आणि त्यांनी पांघरूण ओढले.

मांडीवर टॅब्लेट होता. पडद्यावर एक चित्रातली स्वयंपाकीण सासूबाईंच्या बोटाच्या हुकमावर धावत होती. अकरा दिवसांचे समस्त टोमणे तिच्या खाती जमा होते. माझा नियम बरोबर होता. पत्ता तेवढा चुकला होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी मावशींना विचारले.

"पहिल्या दिवसापासून. मला कोणी विचारलं?"

सूनबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "आई, गोळी घेतलीत?"

"एवढा डाव होऊ दे."

"सकाळीही हेच म्हणालात."

बोट चालूच होते.

"आई, तिला तुमचं ऐकू येत नाही. कितीही बोला, तिचा कांदा उद्याही करपणार. मला ऐकू येतं."

बोट थांबले.

"बंद करा म्हणत नाही. रोज अर्धा तास. जेवण आणि गोळी झाल्यावर. माझ्या मोबाइललाही तोच नियम."

"अर्धा तास? मला काय बालवाडीत घातलंयस?"

"याची टोमण्यात गणना करावी का?" मी वही उघडली.

"गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

सासूबाईंनी टॅब्लेट पालथा ठेवला, गोळी गिळली आणि सुनेकडे नीट पाहिले.

"आणि काय गं, हा कोण पट्टी घेऊन माझ्या नाकाशी उभा आहे? घरात कोणाचं लक्ष आहे की नाही?"

"नव्हतं, आई," सूनबाई डोळे पुसत हसल्या. "तुम्ही नव्हता ना."