आतून लागणारा अडसर

गुरुवारी सकाळी साडेदहाला मोबाइल वाजला तेव्हा एझरा शहरबानी घरात एकटेच होते. त्यांची बायको मार्सेल दोघी बहिणींना घेऊन मृत समुद्रावर अंगाला चिखल फासून घ्यायला गेली होती. जाताना, "मी येईपर्यंत घरात काही दुरुस्त करायला घेऊ नका," एवढं एकच बजावून गेली होती.

"नमस्कार महाशय. जनमत चाचणीसाठी बोलतेय," पलीकडच्या बाईंच्या बोलण्याला रशियन ठसका होता. "राष्ट्रीय सुरक्षेबद्दल अठरा प्रश्न आहेत. वेळ आहे का आपल्याला?"

एझरांना गहिवरून आलं. एका बँकेत चौतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढल्यावर या विषयावर त्यांच्याकडे मतांचा एवढा साठा होता, की रामात गान शहरातल्या त्यांच्या इमारतीतले लोक कचरा टाकायला निघतानाही आधी दाराच्या भोकातून जिना मोकळा आहे ना, ते बघत. आणि आज खुद्द देश त्यांचं मत विचारायला घरी आला होता.

"वेळच वेळ आहे, बाई. बसा... म्हणजे विचारा."

"पहिला प्रश्न. आपल्याला एकंदरीत किती सुरक्षित वाटतं? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी पूर्ण."

"देशात की घरात? कारण देशाचं विचाराल तर..."

"एकंदरीत, महाशय."

"मग पाच. पण का पाच, तेही लिहा."

"'का'साठी जागा नाहीये."

एझरांना ही पद्धत पटली नाही, पण त्यांनी ती सोसली. दुसरा आणि तिसरा प्रश्नही असेच गेले. चौथा मात्र थेट त्यांच्या अंगणात येऊन पडला. घरात हवाई हल्ल्याच्या वेळी आसरा घ्यायची सुरक्षित खोली आहे का, तिच्यात पाणी, विजेरी, रेडिओ आणि औषधं आहेत का, आणि दार आतून बंद करता येतं का?

"आतून बंद करता येतं का, म्हणे!" एझरा उठलेच. "अहो, गेल्याच महिन्यात मी स्वतः लोखंडी अडसर बसवलाय. बाहेरून हत्ती आला तरी दार उघडणार नाही. थांबा, एकेक वस्तू बघूनच सांगतो. अंदाजपंचे बोलायची आपल्याला सवय नाही."

सुरक्षित खोली म्हणजे इतरांच्या घरात असते तशीच होती. काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, आणि आत संकट सोडून बाकी सगळं. हिवाळ्यातल्या रजया, इस्त्रीचं टेबल, कुणीही न चालवलेली व्यायामाची सायकल आणि या सगळ्याच्या पलीकडे, खिडकीला टेकून उभं केलेलं मार्सेलच्या माहेरचं कपाट. पाण्याच्या बाटल्या कपाटामागे होत्या. एझरा रजयांवरून चढून गेले आणि त्यांनी त्या मोजल्यासुद्धा.

"चाळीस बाटल्या! लिहा. आणि आता दाराचा आवाज ऐका. आवाजावरूनच कळेल तुम्हाला."

त्यांनी दार ओढलं, मूठ फिरवली आणि अडसर सोडला. खटॅक!

"ऐकलंत?"

"ऐकलं. म्हणजे 'होय'. पाचवा प्रश्न..."

पाचव्या प्रश्नाचं उत्तर देता देता एझरांनी अडसर उचलायला हात घातला. तो उचलला गेला नाही. सहाव्या प्रश्नाला त्यांनी फोन खांद्यात धरून दोन्ही हात लावले. सातव्याला पाय भिंतीला टेकवला.

"सरकारच्या सुरक्षा धोरणावर आपण कितपत समाधानी आहात?"

"हंऽऽऽ..."

"हे 'बऱ्यापैकी' धरू का?"

"हंऽऽऽऽ!"

"महाशय, आपण काही वजनदार उचलताय का?"

एझरा मटकन रजयांवर बसले. बसताक्षणी बाईंचा आवाज तुटायला लागला. ते घाईघाईने उठले आणि सायकलच्या सीटवर चढून हवेच्या झरोक्याशी फोन धरला, तेव्हा कुठे तो पुन्हा नीट झाला. रेंजची एकच काडी आणि बॅटरी अकरा टक्के.

"बाई," ते म्हणाले, "एक किरकोळ गोष्ट आहे. तुमच्या यादीतली नाही."

बाईंचं नाव रायसा. दूर हैफा शहरात बसून नऊ वर्षं त्या लोकांची मतं गोळा करत होत्या, आणि या नऊ वर्षांत त्यांनी एकाही माणसाला स्वतःचं एकही मत सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "अग्निशमन दलाला बोलावू?"

"मुळीच नाही!" सायकल डुगडुगली. "ते भोंगा वाजवत येणार, दार कापणार. अख्खी इमारत जिन्यात जमेल. अहो, संकटकाळी घर कसं तयार ठेवावं यावर मी गेल्याच आठवड्यात या लोकांना दीड तास सांगितलंय!"

"मग फोन ठेवा आणि घरच्या कुणाला तरी लावा."

"हा कट झाला तर पुन्हा लागायचा नाही. इथे रेंज अशी आहे, की तुमचा फोन टिकलाय तेच नवल. बायको चिखलात आहे. मुलगी शाळेत शिकवते, दुपारपर्यंत तिचा फोन बंद."

"घराची किल्ली आणखी कुणाकडे आहे?"

झरोक्यातून वारा येत होता. एझरा बराच वेळ त्या वाऱ्याकडेच लक्ष देत राहिले.

"महाशय?"

"जावई आहे एक," ते म्हणाले.

ओदेद लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता आणि दहा मिनिटांवर राहत होता. पण गेले चार महिने सासरा-जावयाचं बोलणं बंद होतं. एका शुक्रवारच्या जेवणात सरकारवरून विषय निघाला, सरकारवरून सैन्यावर गेला, आणि एझरा म्हणाले, "तुमच्यासारख्या लोकांमुळेच देश बुडतोय." ओदेद ताट तसंच टाकून उठला. तेव्हापासून मुलगी ओस्नात नातवंडांना घेऊन वर यायची आणि ओदेद खाली गाडीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. मार्सेल डब्यातून त्याला जेवण पाठवायची. एझरांना हे दिसायचं, पण त्यांनी ते कधी बघितलं नाही.

"नंबर सांगा," रायसाबाई म्हणाल्या. "नियमात बसत नाही हे. माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून लावते."

त्यांनी नंबर लावला आणि दोन्ही फोन स्पीकरवर टाकून शेजारी शेजारी ठेवले.

"नमस्कार, मी जनमत चाचणीतून..."

ओदेदने फोन ठेवला. त्यांनी पुन्हा लावला.

"राष्ट्रीय सुरक्षेबद्दल नाही, आपल्या सासऱ्यांबद्दल..."

त्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी रायसाबाई एका दमात म्हणाल्या, "एझरा शहरबानी आपल्याच सुरक्षित खोलीत अडकलेत आणि त्यांची बॅटरी नऊ टक्के आहे."

ओदेद म्हणाला, "कोण बोलतंय? माझी टिंगल चाललीय का? ते आत आहेत तर त्यांना काहीतरी बोलायला सांगा. त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बोलणार नाही असं काहीतरी."

एझरांचा आवाज झरोक्याजवळून घुमत आला, "तुम्हा लोकांना अक्कल येईल तेव्हा फार उशीर झालेला असेल!"

"तेच आहेत," ओदेद म्हणाला. "येतो मी. पण आधी त्यांनी त्या शुक्रवारबद्दल माफी मागायची."

"पूर्वअटी चालणार नाहीत!" एझरा गरजले. "आधी दार, मग चर्चा."

"बघा! माणूस स्वतःच्या घरात कोंडलाय, बॅटरी संपत आलीय आणि तरी ताठा बघा. बाई, त्यांना सांगा, अशानेच..."

"गाढवाला सांगा, यायचं तर ये, नाहीतर नको येऊ!"

रायसाबाईंनी स्पीकर बंद करून एक फोन उजव्या कानाला आणि दुसरा डाव्या कानाला लावला. "ते म्हणतात," त्यांनी ओदेदला सांगितलं, "आपण आलात तर त्यांना बरं वाटेल." आणि एझरांना सांगितलं, "ते म्हणतात, लगेच निघतायत. त्यांना आपली काळजी वाटतेय."

"असं म्हणाला?" एझरांनी विचारलं.

"साधारण," रायसाबाई म्हणाल्या.

वीस मिनिटांत ओदेद अवजारांची पेटी घेऊन पोहोचला. आपल्याकडच्या किल्लीने त्याने बाहेरचं दार उघडलं आणि पोलादी दारासमोर उभा राहिला. आता दोघांमध्ये वीतभराचं अंतर होतं, पण दार असं भक्कम, की आतून ओरडलेलं बाहेर नुसतं घूं-घूं ऐकू येई. त्यामुळे एका वितीवरचं बोलणं पुन्हा हैफावरून फिरून यायला लागलं.

ओदेदने अडसराची कंपनी विचारली, बसवला कसा ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. "त्यांनी तो उलटा बसवलाय. हरकत नाही. मी बाहेरून दार आत दाबतो म्हणजे ताण सुटेल. तेवढ्यात त्यांनी अडसराची कळ डावीकडे फिरवायची. एकाच वेळी. तुम्ही एक-दोन-तीन म्हणा."

एझरांनी फोन स्पीकरवर टाकून झरोक्याच्या कडेवर ठेवला आणि दाराशी येऊन कळ धरली.

"एक, दोन, तीन."

ओदेदने दाबलं, एझरांनी फिरवलं. काही हललं नाही.

"डावीकडे फिरवली का विचारा."

"डावीकडे जातच नाहीये ती!" एझरा म्हणाले. "उजवीकडे जायला बघतेय. त्याला सांगा, ही उजवीकडचीच आहे."

"मी पंधरा वर्षं अडकलेली माणसं बाहेर काढतोय. डावीकडेच!"

"याला जगात सगळ्या गोष्टींवर एकच उत्तर! डावीकडे! देश चालवायचाय? डावीकडे! दार उघडायचंय? डावीकडे!"

"आणि ते? चूक झाली तरी उजवीकडे, अडकले तरी उजवीकडे!"

"तीन टक्के उरलेत," एझरांनी मध्येच कळवलं आणि पुन्हा सूर पकडला.

रायसाबाईंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही कान तापले होते आणि पलीकडच्या टेबलावरून त्यांचे साहेब त्यांच्याकडे बघत होते. मग एकदम त्यांनी डोळे उघडले.

"एक मिनिट. महाशय, आपण दाराच्या आत आहात. आणि आपण दाराच्या बाहेर. तोंडं समोरासमोर. बरोबर?"

"मग?" दोघे एकदमच म्हणाले.

"मग यांचं डावं ते त्यांचं उजवं!"

वीतभर पोलादाच्या दोन्ही बाजूंना दोघांनी आपापले हात वळवून बघितले.

"म्हणजे उजवीकडेच!" एझरा म्हणाले.

"म्हणजे माझ्याकडून डावीकडेच," ओदेद म्हणाला.

"एक, दोन, तीन!" रायसाबाई जवळजवळ ओरडल्याच.

कळ फिरली, अडसर सुटला आणि एझरांच्या फोनने तेवढ्यात प्राण सोडला. दार उघडलं. एझरा विस्कटलेल्या केसांनी, गळ्यात एक रजई अडकलेली, अशा अवस्थेत बाहेर आले. चार महिन्यांत दोघांनी एकमेकांकडे एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. ओदेदच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे एझरांच्या आजच लक्षात आलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बारीक झालास," ते म्हणाले.

"तुम्ही अडसर उलटा बसवलात," ओदेद म्हणाला.

यापेक्षा जास्त दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. एझरा स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज धुंडाळायला लागले. मार्सेलने भाताने भरलेल्या टोमॅटोंचं पातेलं ठेवलं होतं. त्यांनी ते गॅसवर चढवलं आणि दोन ताटल्या काढल्या. तेवढ्यात ओदेदच्या फोनमधून रायसाबाईंचा आवाज आला. त्या अजून होत्याच.

"महाशय सुखरूप आहेत ना?"

"आहे, आहे!" एझरा फोनशी वाकले. "बाई, तुमचे फार उपकार झाले. चला, आठवा प्रश्न विचारा."

"माफ करा, पण आपली मुलाखत रद्द करावी लागेल. उत्तर देणारा माणूस एकटा असावा लागतो. दुसऱ्या कुणाचा आवाज मध्ये आला की उत्तरं बाद होतात."

"एकटा?" एझरांचा आवाज चिरकला. "अहो, आज अख्ख्या देशात माझ्याइतकं एकटं कोण होतं?"

"नियम आहे. आणि साहेब बघतायत." मग बाईंचा आवाज जरा खालावला. "आपले जावई पस्तीस ते चव्वेचाळीसमध्ये बसतात का? या वयाचे पुरुष मला मिळतच नाहीत. फोन ठेवून देतात."

"दोनदा," ओदेद ओशाळून म्हणाला. "एकेचाळीस पूर्ण आहेत मला. विचारा काय ते. तेवढं देणं लागतोच मी."

"आपल्याशेजारी कुणी बोलणार नाही ना? एक शब्द आला तरी हीही रद्द होईल."

ओदेदने एझरांकडे बघितलं. एझरांनी दोन्ही ओठ आत घेऊन खुर्ची ओढली आणि मांडीवर हात ठेवून बसले.

ती पंधरा मिनिटं एझरा शहरबानींनी आयुष्यात कधी काढली नव्हती अशी काढली. समोर, त्यांच्याच टेबलाशी बसून, जावई सरकारवर, सैन्यावर, अर्थसंकल्पावर आणि निवडणुकांवर एकेक उत्तर देत होता, आणि देश ते लिहून घेत होता. प्रत्येक उत्तराला त्यांचं तोंड उघडे आणि नुसतीच हवा घेऊन मिटे. एकदा ते उठून नळाशी गेले आणि पाणी न पिताच परत आले. पण गप्प बसल्यामुळे एक विचित्रच गोष्ट घडत होती. जावई बोलतो काय, ते त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होतं. त्यातलं बरंचसं त्यांना मुळीच पटलं नाही. दोन गोष्टी पटल्या, तेव्हा त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

"शेवटचा प्रश्न," रायसाबाई म्हणाल्या. "आपल्या देशातल्या लोकांमध्ये एकी किती आहे असं आपल्याला वाटतं? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे भरपूर."

"ए..." ओदेदने सुरुवात केली.

एझरांचा हात वर गेला. चार बोटं. ओदेदने मान हलवून एक बोट दाखवलं. एझरांनी छातीवर हात ठेवून पुन्हा चार दाखवली. ओदेदने डोळे वटारून दोन केली. एझरांनी दोघांच्या मधल्या टेबलाकडे, मग वाफाळत्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि अगदी जिवावर आल्यासारखं चौथं बोट मिटलं.

"तीन," ओदेद म्हणाला.

फोनमध्ये कीबोर्डची एक कळ वाजली.

"उत्तराला बराच वेळ लागला," रायसाबाई म्हणाल्या. "महाशय, आपण एकटेच आहात ना?"

ओदेदने समोर बघितलं. सासरा श्वास रोखून बसला होता.

"एकटाच," तो म्हणाला. "अगदी एकटा."

"आभारी आहे," रायसाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी मत असल्यासारखं वाटलं.

फोन बंद झाला. एझरा आता बोलायला मोकळे होते. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पातेल्यातला सगळ्यात मोठा टोमॅटो फुटू न देता डावाने उचलला आणि ओदेदच्या ताटलीत ठेवला.