टिकलीच्या कानामागची गोचीड

एका जंगलात, जिथे रोग कमी आणि वैद्य फार होते, कांचनी नावाची हरिणी राहायची. तिला एकुलती एक लेक. अंगभर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव टिकली.

तर बालमित्रांनो, एका सकाळी लेकीला चाटताना कांचनीच्या जिभेला कानामागे काहीतरी टणक लागलं. पाहते तो काय, मसुराच्या दाण्याएवढी गोचीड! तोंड कातडीत रुतवून आरामात रक्त पीत बसलेली.

"अगं बाई, गोचीड!" कांचनी ओरडली.

वरच्याच फांदीवर साळूताई साळुंकीचं घर होतं. ती म्हणाली, "आण इकडे. कातडीला अगदी लागून चोचीत धरायची. पिळायची नाही, हिसका द्यायचा नाही. सावकाश सरळ वर ओढायची. मग जागा धुवायची. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

कांचनीला काही हे पटेना. इथे लेकीच्या जिवाचा प्रश्न, आणि ही बाई घरट्यात काड्या खोचता खोचता उत्तर देते! पथ्य नाही, काढा नाही, 'तीन दिवसांनी दाखवा' नाही.

ती टिकलीला घेऊन भालोबा अस्वलाकडे गेली. गुहेबाहेर ही मोठी रांग. ती बघूनच तिला निम्मं बरं वाटलं.

भालोबानं डोळे मिटून मान डोलावली. "मधाचा लेप लावा. गोचिडीचा श्वास कोंडतो. आपोआप गळून पडते. आमच्या मेव्हण्याची अशीच पडली."

दोन दिवस टिकलीचा कान मधात होता. मुंग्या आल्या, माश्या आल्या. गोचीड मसुराची वाटाण्याएवढी झाली.

तिसऱ्या दिवशी हुप्पाजी वानर न बोलावता आला. "अहो वहिनी, मध कसला लावता? शेकली पाहिजे!" त्यानं कुठूनशी जळती काडी आणून टेकवली. गोचीड जागची हलली नाही. कानाची लव मात्र जळली आणि टिकली किंचाळली.

"थोडं सोसावं लागतंच," हुप्पाजी म्हणाला. सोसत टिकली होती.

चौथ्या दिवशी पोर उठेचना. अंग तापलेलं. कांचनीनं दूध पाजायला जवळ घेतलं, तर तिनं तोंड फिरवलं.

"साळूताई!" कांचनी झाडाखालून ओरडली. "मी चुकले गं. माझ्या लेकीला वाचव."

साळूताई एका शब्दानं रागावली नाही. "डोकं घट्ट धर," इतकंच म्हणाली. कातडीलगत चोच टेकवली, सावकाश ओढलं. गोचीड पाय झाडत अख्खी बाहेर आली. कांचनीनं खूर उचलला.

"चिरडू नकोस! तिच्यातली घाण पुन्हा अंगाला लागेल." साळूताईनं ती गिळूनच टाकली. "कान झऱ्यावर धू. ताप उतरेपर्यंत नजर हलवू नकोस."

दोन दिवस कांचनीनं गवताला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी टिकली धडपडत उठली आणि आईच्या पोटाला ढुशा देऊ लागली. कांचनीला रडूच फुटलं.

आठवड्यानं शेजारची ससीण आली. तिचं पिल्लू कान खाजवत होतं. "ताई, तुमच्या टिकलीची गोचीड कशी निघाली हो?"

'साळूनं ओढून काढली' हे शब्द कांचनीच्या अगदी ओठांवर आले. पण मग ससीण विचारणार, 'मग पहिल्याच दिवशी का नाही नेलंत?' कांचनीनं लेकीच्या भाजलेल्या कानाकडे पाहिलं. घसा खाकरला.

"सोपं नसतं हो ते. आधी दोन दिवस मध. मग शेक. त्यानं ती सैल पडते. मग साळूताई नुसती उचलून घेते."

"बाई गं! किती माहिती तुम्हाला!" म्हणत ससीण भालोबाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तात्पर्य: तुम्हाला चोच नाही, तेव्हा चिमटा घ्या, गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढा, जागा साबणानं धुवा आणि ताप आला तर डॉक्टर गाठा. पण हे कुणाला सांगू नका, कोणी ऐकणार नाही. केलेली चूक आपल्यापाशी ठेवली तर ती चूकच राहते. शेजारणीला शिकवली की तिला अनुभव म्हणतात.